मुठीतला अंगठा

बाळ बघायला येणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. नाक बापाचं, जिवणी आईची, कानाची पाळी थेट मामाची, असं सगळं पाच मिनिटांत वाटून मोकळी होतात. माझी मुलगी झाली तेव्हाही साताऱ्याच्या त्या दवाखान्यात असाच मेळा भरला होता. मी कॉटवर पडून ऐकत होते आणि चरफडत होते. एक तर टाके दुखत होते, आणि दुसरं म्हणजे आईबापांकडून लेकरांकडे काय जातं नि काय जात नाही, हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. माणसांचा नव्हे, रोपांचा. पण त्या खोलीत मला कुणी विचारत नव्हतं.

वाटणीत एकटी माझी आई सामील झाली नाही. सगळे चहाला खाली गेल्यावर ती पाळण्यापाशी आली. तिनं बाळाची डावी मूठ उघडली, आत दुमडलेला अंगठा हळूच बाहेर काढला आणि बोटांवर ठेवला. बाळानं तो पुन्हा आत घेतला. आईनं पुन्हा काढला.

"अगं, सगळीच बाळं अंगठा आत धरतात," मी म्हणाले.

"व्हय," आई म्हणाली. "पण पुढं सोडून देतात."

ती कशाबद्दल बोलत होती ते मला नीट कळलं होतं. त्या विषयावर आम्ही दोघी इतक्या वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो, आणि तेव्हाही बोललो नाही.

विषय माझ्या वडिलांचा. त्यांना मी तात्या म्हणायचे. कचेरीत कारकून होते, शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी आठ वर्षांची असताना त्यांना एक सवय लागली. दुपारी घरी आले की स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहायचे. कपाळ भिंतीला जवळजवळ टेकलेलं. उजवा तळवा भिंतीवर सपाट. डावा हात पाठीमागे, त्याची मूठ, आणि अंगठा मुठीच्या आत. एका पायावर भार, दुसऱ्या पायाचं पाऊल त्या पायाच्या घोट्यावर ठेवलेलं, शेतात बगळा उभा असतो तसं. पलीकडून कुणी काही सांगतंय आणि ते चुकता कामा नये, असं ऐकत राहायचे. कधी दहा मिनिटं, कधी तासभर. भिंतीपलीकडे आमच्याच परसातला उकिरडा होता.

त्यांचे एक चुलते असेच होते म्हणे, आणि असेच एक दिवस निघून गेले होते. तात्याही गेले. दुपारी तीनच्या सुमाराला, चपला दारात ठेवून. मी तेव्हा शाळेत होते. पुढे कधी त्यांचा ठावठिकाणा लागला नाही. आईनं घरातले सगळे फोटो उतरवून ट्रंकेत घातले. गल्लीतल्या बाया ओट्यावर बसून म्हणायच्या, घराण्यातच आहे ते, आणि माझ्याकडे बघायच्या. त्या बघण्याचा मला इतका संताप यायचा की मी वनस्पतिशास्त्र घेतलं, त्यातही आनुवंशिकी घेतली. कुणीतरी नीट छडा लावायला हवा होता, तो मीच लावते म्हटलं.

नवऱ्याला मी एवढंच सांगितलं होतं की वडील लहानपणीच गेले. गेले म्हणजे वारले, असं तो समजला. मी समजू दिलं.

नवरा सैन्यात. मी लखनऊच्या एका संस्थेत नोकरीला लागले आणि पुढे त्याची बदलीही योगायोगानं इथंच झाली, तेव्हा आम्हाला छावणीतलं घर मिळालं. जुन्या बंगल्याचे मधोमध भिंत घालून दोन भाग केलेले, त्यातला एक भाग आमचा. उंच छत, हातभर जाड भिंती, आणि मागच्या खोलीत भिंतीतली एक विटांनी बुजवलेली शेकोटी. दुसरा भाग आम्ही आलो तेव्हापासून रिकामा. त्याच्या दाराचं कुलूप इतकं गंजलेलं की किल्ली सापडली असती तरी ते उघडलं नसतं. रस्ते शांत, झाडं जुनी, दुपारी वाळक्या पानाचा आवाजही घरात ऐकू यायचा. मला ती शांतता आवडायची.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता नवऱ्याची सीमेजवळ बदली झाली. तिकडे कुटुंब नेता येत नाही. मी आणि नऊ वर्षांची मुलगी घरात उरलो. आवारातल्याच खोलीत राहणाऱ्या एक दीदी स्वयंपाक करायच्या आणि मुलगी शाळेतून आली की मी परतेपर्यंत घरात थांबायच्या. मुलीला मराठी कळतं सगळं, पण उत्तर हिंदीतच येतं. आजीचा फोन आला की "हाँ आजी, जेवण हो गया," असं काहीतरी कडबोळं करते. मी सुरुवातीला रागावून पाहिलं, मग सोडून दिलं.

या दिवसांत माझी एकच तक्रार होती, ती चहाची. संस्थेतून साडेतीनच्या सुमाराला घरी यायचे आणि टेबलावर ठेवलेला चहा रोज गार. मी दीदींना दोनतीनदा बोलले.

"मैडम, हम तो गरम ही देते हैं," दीदी म्हणाल्या. "आप ही देर से पीती हैं।"

उलट उत्तर म्हणून मला ते झोंबलं. मी तेवढ्यावर सोडलं.

ऑक्टोबरात एका दिवशी संस्थेतली वीज गेली आणि मी लवकर घरी आले. अडीच वाजले असतील. दीदी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मुलीचं दप्तर टेबलावर, बूट दाराशी. मी मागच्या खोलीत डोकावले.

ती बुजवलेल्या शेकोटीशेजारच्या भिंतीपाशी उभी होती. कपाळ भिंतीजवळ. उजवा तळवा भिंतीवर सपाट. डावा हात पाठीमागे. एका पायावर उभी, दुसरं पाऊल घोट्यावर. मी तशीच दारात थांबले आणि आधी तिच्या मुठीकडे पाहिलं. अंगठा आत होता.

भीती भीती म्हणतात ती मला त्या क्षणी कळली. तात्या कसे उभे राहायचे हे मी जगात कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांचा एक फोटोही तिनं पाहिलेला नव्हता.

"काय करतेस गं?" मी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"कुछ नहीं. सुन रही हूँ."

"काय ऐकतेस?"

"उधर कोई बोलता है." ती वळली नाही. "मराठी में. पूरा समझ में नहीं आता."

मी तिला जवळ घेतलं, खायला दिलं, अभ्यासाला बसवलं. मग बाहेरून वळसा घालून पलीकडच्या भागाशी गेले. कुलूप होतं तसंच होतं. खिडकीच्या काचेवर धूळ होती आणि आत काही दिसत नव्हतं. छावणीच्या त्या आळीत आम्ही सोडून एकही मराठी घर नाही.

इथं माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. मोहरीच्या कुळातलं एक बारीक रोप असतं, त्यावर माझं काम चालतं. त्याच्या काही जातींना थंडी दाखवल्याशिवाय फूल येत नाही. काही आठवडे गारव्यात ठेवावं लागतं. ते झालं नाही तर रोप नुसतं पानं काढत राहतं, आणि बघणाऱ्याला वाटतं याला फूल यायचंच नाही. फुलायचं कसं हे बीमध्ये असतंच. पण थंडी पडेपर्यंत ते कळत नाही, कुणालाच. दुसऱ्या जातीला कितीही गारठवा, तिला त्याचं काही नाही. पाहुणे विचारतात, मग यात किती टक्के बी आणि किती टक्के हवा? मी त्यांना माझ्या दह्याचं सांगते. आईकडचं विरजण मी डब्यात घालून रेल्वेनं इथवर आणलं, वर्षानुवर्षं तेच लावतेय. तरी दही साताऱ्याचं लागत नाही. आता त्यातला आंबटपणा किती विरजणाचा आणि किती इथल्या दुधाचा, हे मला कुणी चमच्यानं वेगळं करून दाखवावं.

हे सगळं मी शहाण्यासारखं इतरांना सांगत आले. स्वतःच्या मुलीला भिंतीपाशी पाहिलं आणि ओट्यावरच्या त्या बायांचं वाक्य तेवढं डोक्यात राहिलं. घराण्यातच आहे ते.

आमच्याकडे एक नियम आहे. रोपांचे गुण नोंदवताना कुंडीवरची चिठ्ठी झाकायची. कोणतं रोप कोणत्या वाणाचं हे नोंदणाऱ्याला ठाऊक असता कामा नये, कारण डोळ्याला जे अपेक्षित असतं तेच तो बघतो. नव्या मुलांच्या डोक्यात मी हा नियम हातोडीनं ठोकते. घरी मात्र मी वही उघडली आणि मुलीच्या नोंदी सुरू केल्या. किती वाजता, किती वेळ, कोणता पाय. ती जेवताना मी तिचा डावा हात बघायचे. ती झोपली की मूठ बघायचे. चिठ्ठी झाकायचा प्रश्नच नव्हता, ती चिठ्ठी मीच लिहिली होती.

चार दिवसांनी आईला फोन केला.

"आई, पोरगी दुपारची भिंतीपाशी उभी राहते."

आई म्हणाली, "अंगठा मुठीत?"

"हो."

"आणि तू?"

"मी काय?"

"काय नाही," आई म्हणाली. "शाळेतनं आली की तिला झोपवायला सांग. एकटी ठेवू नको." आणि तिनं फोन ठेवला. आई कधी आपणहून फोन ठेवत नाही, ती मी ठेवायची वाट बघते.

मग मी ते केलं जे माझ्यासारखीच बाई करेल. संस्थेत आमच्या चेंबरमध्ये, म्हणजे उजेड, थंडी, ओलावा सगळं आपल्या हातात असलेल्या बंद खोलीत, रोपांसमोर एक छोटा कॅमेरा असतो. तो मिनिटाला एक फोटो काढतो. पानं कधी उठतात, कधी मिटतात ते माणसाला डोळ्यानं कळत नाही, फोटो ओळीनं लावले की कळतं. जादाचा एक कॅमेरा कपाटात पडून होता. तो मी घरी आणला आणि मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर, चादरींच्या घडीआड ठेवला. तोंड भिंतीकडे. सोमवारी सकाळी चालू केला. पोटच्या पोरीवर कॅमेरा लावताना मला लाज वाटायला हवी होती. मला हायसं वाटलं.

त्या आठवड्यात थंडीची चाहूल लागली होती. सकाळी आवारातल्या झाडांचे शेंडे धुक्यात जायचे. मुलगी हसत-खेळत होती, गणितात चुका करत होती, चिडत होती, सगळं नेहमीसारखं. मी तिला काही विचारलं नाही. रोज घरी यायचे, गार चहा प्यायचे आणि शनिवारची वाट बघायचे.

शनिवारी शाळेला सुट्टी. दीदी तिला घेऊन शेजारच्या मैदानावर गेल्या. सकाळचे अकरा वाजले होते, जेवणाच्या टेबलावर स्वच्छ ऊन आलं होतं. मी लॅपटॉप उघडला आणि सोमवारपासून सुरुवात केली.

रिकामी भिंत. रिकामी भिंत. ऊन हळूहळू सरकतंय. दोन वाजून बावीस मिनिटांनी मुलगी आली. उभी राहिली. मी वहीत वेळ लिहिली. वीस फोटोंत ती हलली नाही. मग गेली. पुन्हा रिकामी भिंत. मी भराभर पुढे जाऊ लागले. तिची नोंद झाली होती, पुढचं मला नको होतं.

तीन एकतीसला चित्रात एक बाई आली.

मी आधी तिला ओळखलंच नाही. पाठमोरी होती. खांद्याला पर्स तशीच. ती भिंतीपाशी गेली, उजवा तळवा भिंतीवर ठेवला, कपाळ पुढे नेलं. डावा हात पाठीमागे गेला. पुढच्या फोटोत तिनं एक पाऊल उचलून घोट्यावर ठेवलेलं होतं. माझा निळा कुर्ता होता तो. त्या दिवशी मी घातलेला.

तीन बत्तीस. तीन तेहेतीस. मी एकेक फोटो पुढे नेत होते आणि बाई हलत नव्हती. तीन एक्केचाळीसला मुलगी दारातून आत आली. ती माझ्या मागं येऊन थांबली. एका फोटोत ती माझ्या पायांकडे बघत होती. पुढच्यात तिनं स्वतःचं पाऊल उचललं होतं. त्याच्या पुढच्यात ती वाकून माझी मूठ बघत होती. मग ती माझ्या शेजारी उभी राहिली, तिचा डावा हात पाठीमागे गेला आणि तिनं अंगठा आत घेतला. चार वाजून सहा मिनिटांपर्यंत आम्ही दोघी तशाच.

मंगळवार. बुधवार. गुरुवार. रोज. शुक्रवारी मी एकावन्न मिनिटं उभी होते. एका फोटोत माझा चेहरा थोडा वळलेला होता आणि तोंड उघडं होतं. मी काहीतरी बोलत होते.

मला यातलं काही आठवत नव्हतं. काही म्हणजे काही. मी यायचे, पर्स ठेवायचे, चहा प्यायचे, तो गार असायचा, एवढंच माझ्या लेखी घडत होतं. कॅमेरा लावताना मी चित्रात येईन हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्हा लोकांना तशी सवयच नसते. आपण बघणारे, आपण चित्राच्या बाहेर.

मी हात धुतले, का ते सांगता येणार नाही, आणि दारात जाऊन उभी राहिले. दीदी मुलीला घेऊन आल्या तेव्हा मी मुलीला आत पाठवलं आणि दीदींना विचारलं, "मी मागच्या खोलीत उभी राहते, हे तुम्ही पाहिलंत? आपने देखा है?"

"जी, रोज़ ही," दीदी म्हणाल्या. त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "हम तो समझे आपकी तरफ़ की कोई पूजा है। इसलिए बीच में टोका नहीं।"

"कब से?"

"जब से साहब गए।"

थंडी. इतकी वर्षं मी नुसती पानं काढत होते. लग्न झालं, बाळंतपण झालं, नोकऱ्या बदलल्या, गावं बदलली, मला काही झालं नाही. मग घरातला माणूस बॅग घेऊन दाराबाहेर पडला, आणि आठवडाभरात मी भिंतीपाशी.

त्याच दुपारी मी आईला फोन केला. या खेपेस तिनं ठेवायची घाई केली नाही.

"तू रोज उभी राहायचीस त्यांच्याशेजारी," ती म्हणाली. "तुला आठवत नाही व्हय? त्यांचा सदरा धरून. मी हाका मारून दमायची. ते गेल्यावरबी उभी राहायचीस, महिनाभर. मग मी त्या भिंतीला मांडणी ठोकून घेतली, खालपासनं वरपर्यंत. तवा थांबलीस."

"पण ते गेले तेव्हा मी शाळेत होते ना."

"रविवार होता गं त्या दिवशी," आई हळूच म्हणाली. "तू त्यांच्यापाशीच होतीस. भाईर बर्फाच्या गोळ्याची गाडी आली, घंटा वाजली. तू म्हणालीस, तात्या, थांबा हं, आलेच मी. आणि पळालीस. मी चुलीपाशी पाठमोरी होते, मी ऐकलं. गोळा खाऊन आलीस तर ते नव्हते."

जिभेवर काला खट्ट्याची चव आली, इतक्या वर्षांनी, अगदी खरी.

"म्हणून नाही बोलले कधी," आई म्हणाली. "तुला वाटलं असतं तुझ्यामुळं."

"मला वाटतच होतं," मी म्हणाले. असं मला वाटतंय हे मला त्या वाक्यानंच कळलं.

संध्याकाळी मुलीला घेऊन अंगणात बसले. नुकतीच दिवेलागण झाली होती. मी तिला म्हटलं, मी रागावणार नाही, पण खरं सांग, तू तशी का उभी राहतेस?

ती गवत उपटत राहिली. "आप अकेली खड़ी रहती थीं ना."

"आणि मी घरी नसते तेव्हा?"

"तब मैं पहले से जाकर खड़ी हो जाती हूँ." ती हे समजावून सांगितल्यासारखं बोलली. "कि वो मुझे बता दें जो बताना है. फिर आपको न बुलाएँ."

"मी भिंतीपाशी काय बोलते?"

"तात्या, थांबा हं, आलेच मी. बस यही. बार बार."

मी तिला मांडीवर ओढलं. नऊ वर्षांची, लांब पाय झालेली पोर, मांडीवर मावत नव्हती. मला रडू आलं आणि मी रडले. तिला ऐकू येणाऱ्या त्या मराठी आवाजाचा उलगडा झाला होता. भिंतीशी पुटपुटणारी मीच होते, शेजारी उभं राहून तिनं ऐकलं होतं. उलगडा झाला असं मी ठरवलं. दुपारी अडीचला, मी संस्थेत असताना, तिथं तिला कुणाचं बोलणं ऐकू यायचं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

पुढची कामं मी नीट केली. नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं, तात्यांसकट. तो म्हणाला, पंधरा दिवसांची रजा टाकतो, आणि खरंच आला. एका डॉक्टर बाईंकडे जायला लागले. त्यांनी घराण्याची चौकशी केली. मी आनुवंशिकीच्या भाषेत वंशावळ काढून दिली तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, हे ठीक आहे, पण यात तो बर्फाचा गोळा कुठं लिहिणार? कल असेल तुमच्यात, त्यांनी समजावलं, तो कुणाला खोडून काढता येत नाही. पण एका आठ वर्षांच्या मुलीनं रोज शेजारी उभं राहून काय पाठ केलं, हेही त्यात आहे. गोळ्या दिल्या, बोलायला दर आठवड्याला बोलावलं. मी जाते.

नवऱ्यानं आणि मी मिळून ते लोखंडी कपाट सरकवून त्या भिंतीला लावलं. कॅमेरा संस्थेत परत गेला. सरकवताना मुलगी दारात उभी राहून बघत होती. "पर अब वो किससे बात करेंगे?" तिनं विचारलं. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चादरींच्या घड्या घालत राहिले.

तो परत गेला. जानेवारीत असं धुकं पडलं की शाळांना थंडीची सुट्टी मिळाली आणि दुपारी दोनलाही रस्त्यावर गाड्यांचे दिवे लागलेले असायचे. मला सगळ्यात जास्त भीती या दिवसांची होती. आणि ती खरी ठरली. एका दुपारी मी संस्थेतून घरी आले, पर्स खांद्यावरून काढणार, एवढं आठवतं. पुढचं आठवतं ते हाताला लागलेलं गार लोखंड. माझा तळवा कपाटाच्या दारावर होता. कपाळाशी कपाट होतं. खालून कुणीतरी माझा कुर्ता धरला होता.

मला वाटलं, ती शेजारी उभी आहे. पाठीमागे तिची मूठ असेल. मला खाली बघायचा धीर होईना. मी तात्यांचा सदरा असाच धरला होता. धरला होता, पण एकदाही ओढला नव्हता. ऐकणाऱ्या माणसाला ओढायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

कुर्त्याला हिसका बसला. चांगला जोरात, शिवण उसवेल असा.

"मम्मा, चलो," मुलगी म्हणाली. "मैंने उनको बोल दिया."

"काय बोललीस?"

ती माझ्याकडे नाही, कपाटाकडे बघत होती. आणि जन्मात मला कधी मराठीत उत्तर न देणारी माझी मुलगी, आजीच्या फोनवर ऐकलेल्या बोलीत, स्वच्छ मराठीत म्हणाली, "तात्या, तुम्ही जावा आता. आई नाही यायची."

मग तिनं मला हाताला धरून टेबलापाशी आणलं आणि कप पुढे सरकवला. चहातून वाफ येत होती.